हेन्रिकची आफ्रिका

"आफ्रिका म्हणजे शेवटी काय असतं, बोझेना? वरून ऊन आणि खालून ऊब. बाकीचं सगळं भूगोलाच्या मास्तरांनी वाढवून ठेवलंय."

वाल्देमार शिमचाक, म्हणजे सगळ्यांचा वाल्देक, आपल्या बायकोला हे म्हणाला तेव्हा पोलंडातल्या वूच शहरात नोव्हेंबर लागला होता. खिडकीबाहेर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ अशी चिकचिक चालली होती आणि स्वयंपाकघरातल्या काचपेटीत हेन्रिक शेपटी दुमडून बसला होता. शेपटी सरळ केली तर तो पेटीत मावत नव्हता.

हेन्रिक ही आफ्रिकेतली घोरपड. जात घोरपडीची, पण बाप्या. ट्रामच्या डेपोतला एक सहकारी नॉर्वेला नोकरीला जाताना त्याला बुटाच्या खोक्यात घालून वाल्देकच्या टेबलावर ठेवून गेला होता. जाताना सांगून गेला, फार वाढत नाही, पालीचा थोरला भाऊ समज. नॉर्वेला निघालेल्या माणसाचं काय जातंय सांगायला! हेन्रिक वाढत वाढत दाराच्या उंबऱ्याएवढा झाला, मांडीएवढा जाड झाला, आणि पेटीच्या काचेवर नखं घासून घासून त्याने बोझेनाची झोप उडवली. एवढं असूनही अंड्याचा बलक त्याला चमच्याने भरवायची ती बोझेनाच. "मला नाही आवडत तो," असं म्हणत भरवायची.

वाल्देक डेपोत ट्रामची वेळापत्रकं बनवायचा. वेळापत्रकं बनवणाऱ्या माणसाचा एक स्वभाव होऊन जातो. ट्राम उशिरा आली तर चूक ट्रामची असते. वेळापत्रक कधी चुकत नाही. हेन्रिकच्या आफ्रिकेचंही त्याने तसंच बसून गणित मांडलं. मुलगी क्राकोला शिकायला गेली होती. तिची खोली रिकामी होती. तिथे शिलाई मशीन ठेवायचं बोझेनाच्या मनात होतं, पण मनातल्या गोष्टी वेळापत्रकात येत नाहीत. वाल्देकने खोलीची तीन-चतुर्थांश जागा फळ्यांनी बंदिस्त केली, पुढच्या बाजूला काच लावली, माणूस वाकून आत जाईल असं दार केलं आणि दाराला बाहेरून कडी बसवली.

मग माती आणली. आफ्रिकेतल्या घोरपडीला बीळ खणायला गुडघाभर माती लागते. ती बादल्यांनी, तीन जिने चढून, वाल्देकने एकट्याने वाहिली. जिन्यात त्याला समोरच्या घरातल्या स्टेफानियाकाकू भेटल्या. काकू त्याच शरदात तिथे राहायला आल्या होत्या. एकट्या, निवृत्त आणि चर्चच्या प्रत्येक मंडळाच्या सभासद. त्यांनी बादलीत डोकावून विचारलं, एवढी माती कशाला?

"हेन्रिकसाठी," वाल्देक धापा टाकत म्हणाला. "आत्ताच आणून ठेवलेली बरी. जमीन गोठली की मग खणता येत नाही."

काकूंनी छातीवर क्रूस काढला. आपल्या मेहनतीची ही कदर आहे असं वाल्देकला वाटलं आणि तो पुढची बादली आणायला दुप्पट उत्साहाने उतरला.

आता मुख्य प्रश्न उबेचा. खोलीतला रेडिएटर वाल्देकने पिंजऱ्याच्या आतच घेतला आणि त्याचा नळ पूर्ण सोडला. ही झाली खालची ऊब. वरच्या उन्हासाठी त्याने बांधकामावर रात्रपाळीला लावतात तसले हॅलोजनचे दोन दांडगे दिवे आणले आणि एका सपाट दगडावर रोखून बांधले. भिंतींना आतून थर्मोकोल लावला. पहिल्या दिवशी दिवे लावले, हेन्रिक दगडावर चढला, त्याने पोट पसरून डोळे मिटले, आणि वाल्देकने बायकोकडे असं पाहिलं की जणू सूर्य त्यानेच बनवला होता. तेवढ्यात बोझेनाने चहासाठी किटलीचं बटण दाबलं आणि सूर्य विझला. किटलीही विझली. फ्रिज, घंटी, सगळंच विझलं.

इमारत जुनी, तारा तिच्याहून जुन्या. त्यात पाईप बदलायचे म्हणून गॅस बंद करून ठेवलेला, तो कधी येणार हे गॅसवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. सगळा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर. तेव्हा वाल्देकने घराचं वेळापत्रक आखलं. सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत आफ्रिकेत ऊन असणार. त्या वेळात किटली नाही, शेगडी नाही, इस्त्री नाही आणि केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नाही. बोझेनाने विचारलं, रविवारच्या सुपाचं काय? वाल्देक म्हणाला, थंड बीटचं सूप उन्हाळ्यात आपण आवडीने खातोच की. जानेवारीत खाल्लं म्हणून काय बिघडतं?

अशा रीतीने शिमचाकांच्या घरात दोन देश झाले. एका देशात हेन्रिक राहायचा. दुसऱ्यात नवराबायको स्वयंपाकघरात डगले घालून गारढोण सूप प्यायची आणि चमचा तोंडात असताना बोलायची, म्हणजे दात वाजत नाहीत.

एवढं करूनही एक गोष्ट जमेना. बाहेरून वाचता यावा म्हणून वाल्देकने तापमापक काचेला आतून चिकटवला होता, आणि तो त्याच्या गणिताइतका वर चढतच नव्हता. वाल्देकने तिसरा दिवा लावला. तापमापक किंचित हलला. चौथा लावला. नाताळ आला तशी हेन्रिकने दगडावर चढणं सोडलं. नवं वर्ष लागलं तेव्हा त्याने खाणं सोडलं. मग त्याने मातीत खोल बीळ खणलं आणि तो दिसेनासाच झाला. कधी तरी पहाटे, दिवे लागायच्या आधी, बिळाच्या तोंडाशी एक लांब जीभ लवलवायची आणि परत आत जायची.

"बघितलंस?" वाल्देक म्हणाला. "गारठलाय बिचारा. अजून ऊब हवी."

"मला तो बरा दिसत नाही," बोझेना म्हणाली. तिने जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर कुत्र्या-मांजरांचा. तो म्हणाला, सरपटणाऱ्यांचा डॉक्टर वॉर्सात आहे, आणि या थंडीत त्याला गाडीने नेलंत तर वॉर्सापर्यंत पोचणार नाही. बोझेना फोन ठेवून काचेपाशी जाऊन बसली. अंड्याचा बलक घेऊन तशीच बसून राहिली. वाल्देकने तिला पाहिलं आणि पहिल्यांदाच तो घाबरला. पण घाबरला की माणूस आपल्याला येतं तेच करतो. त्याने पाचवा दिवा आणला.

बोझेना इस्त्रीला आता स्टेफानियाकाकूंकडे जायची. इमारतीत हेन्रिक सगळ्यांना माहीत होता. काकूंनाही माहीत असणार हे ती धरूनच चालली होती. त्या दिवशी वाल्देकच्या सदऱ्यावर इस्त्री फिरवता फिरवता तिचे डोळे भरून आले. काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि काय झालं ते विचारलं.

"हेन्रिकचं काही खरं नाही, काकू. नव्या वर्षापासून अन्नाला शिवला नाही. आधी अंडं तरी खायचा, आता तेही नको. जीभ तेवढी बाहेर काढतो आणि आत घेतो."

काकूंना माती आठवली. हेन्रिक म्हणजे घरातला म्हातारा सासरा, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. सासऱ्याला अरे-तुरे करते ही गोष्ट त्यांना खटकली, पण दुःखात माणसाला भान राहत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतो, हलवू नका."

"आणि तो... ते काही बोलतात का?"

"बोलतो कुठला! फुसफुसतो. मागच्या महिन्यात नखं कापायला गेलो तर वाल्देकला चावला. आता वाल्देक कडी लावून ठेवतो बाहेरून. आणि ते दिवे, काकू! दिवसभर तोंडावर दिवे. मी म्हणते, जरा काळोखात पडू दे त्याला. पण वाल्देक ऐकतच नाही."

काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं, बोझेनाला जवळ घेतलं आणि ती घरी गेल्यावर डोक्याला रुमाल बांधून थेट चर्चची वाट धरली.

जानेवारीत चर्चचे फादर घरोघर फिरून आशीर्वाद देतात. शिमचाकांचा जिना नव्याने आलेल्या फादर आर्काडियुशना मिळाला होता. तरुण माणूस, चष्मा, लाल कान, आणि प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेण्याची सवय. त्या दिवशी संध्याकाळी ते आले तेव्हा बोझेनाने टेबलावर पांढरी चादर अंथरली होती, क्रूस ठेवला होता, दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. स्वयंपाकघरात कोंबडीच्या कलेजीचं भांडं तयार होतं. हेन्रिकचं ऊन मावळलं की ती कांद्यावर परतून फादरना वाढायची, असं वेळापत्रक होतं. फादरच्या मागोमाग स्टेफानियाकाकूही आत आल्या. का, ते वाल्देकला कळेना, पण तो म्हणाला, या, या.

फादरनी प्रार्थना भराभर उरकली, घरात पवित्र पाणी शिंपडलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "हेन्रिक कुठे आहेत?"

वाल्देकची छाती फुगली. आपल्या आफ्रिकेची कीर्ती थेट चर्चपर्यंत पोचली. हेन्रिकला 'आहेत' म्हणणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. तो म्हणाला, चला, दाखवतो, आणि बोळातून जाता जाता त्याने व्यवस्था समजावून सांगायला सुरुवात केली.

"खालून रेडिएटर आणि वरून पाच दिवे, फादर. ज्या दगडावर झोपवतो ना, तो साठ अंशांपर्यंत तापवायचं ठरलंय."

फादर थांबले. "साठ?"

"कमीच पडतंय. तरी मी थर्मोकोल लावलाय."

"आणि त्यांना ते... सहन होतं?"

"त्याच्याकडे तसंच असतं, फादर. मुळात आफ्रिकेतला तो."

फादरनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात पसरले. आफ्रिकेबद्दल त्यांनाही काही माहीत नव्हतं.

"मात्र हल्ली वर येतच नाही," वाल्देक पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा पडला. "मातीतच असतो. माती मी नोव्हेंबरातच आत टाकून ठेवली होती. त्यातच स्वतःच्या हाताने खणून घेतलं त्याने."

 फादरनी डगल्याच्या खिशातून अत्यवस्थ माणसाच्या कपाळाला आणि हातांना लावायच्या पवित्र तेलाची छोटी डबी काढली. कडी काढून वाल्देकने दार उघडलं तसा आतून असा वाफारा आला की फादरचा चष्मा पांढरा झाला. ते म्हणाले, "मला त्यांच्याजवळ जाऊ द्या," आणि झगा गोळा करून वाकून आत शिरले. वाल्देकला भरून आलं. डेपोतल्या कोणीही आजवर आत जाऊन बघितलं नव्हतं.

इकडे स्वयंपाकघरात बोझेना किटलीकडे बघत उभी होती. फादर गारठून आले आहेत. फादरना काय थंड चहा द्यायचा? लोक काय म्हणतील? मिनिटभराचा तर प्रश्न, असं म्हणत तिने बटण दाबलं.

आफ्रिकेत काळोख झाला.

"हलू नका, फादर," वाल्देक ओरडला. "त्याच्यावर पाय पडला तर चावेल. मी फ्यूज बघून येतो." आणि तो चाचपडत जिन्यातल्या पेटीकडे गेला. मात्र फ्यूज नुसता उडालेला नव्हता. तो जळून, वितळून पेटीला चिकटला होता. खटपट करता करता वाल्देकला आतून प्रार्थनेचा संथ सूर ऐकू आला. पिंजऱ्याला आशीर्वाद देताहेत, असं त्याला वाटलं.

आत काय झालं ते फादरनी नंतर वाल्देकला एकट्याला गाठून सांगितलं. दिवे गेल्यावर थोड्या वेळाने मातीत हालचाल झाली. कोणीतरी जड माणूस रांगत रांगत येतोय असं वाटलं. त्याने फादरच्या बुटावर हनुवटी टेकली आणि मोठा सुस्कारा टाकला. फादरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गुडघ्यांवर बसले, अंधारात कपाळ शोधलं आणि अंगठ्याने तेल लावलं. कातडी फार कोरडी वाटली, पण म्हातारपणी कातडी कोरडी होतेच. कपाळ अंमळ चपटं लागलं. मग ते हातांना तेल लावायला गेले, आणि हात सापडला तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा शंका आली.

तेवढ्यात टेबलावरच्या दोन मेणबत्त्या घेऊन स्टेफानियाकाकू दारात आल्या. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"बोझेना," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना शेपटी आहे." आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या.

वाल्देक धावत आला तोवर फादर हातात उघडी डबी घेऊन तसेच गुडघ्यांवर होते. हेन्रिकच्या कपाळावर तेल चमकत होतं. त्याने एकदा फादरकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे. मग तो उठला, काकूंच्या पायांवरून ओलांडून बोळात आला, आणि ज्या गारठ्यात शिमचाक नवराबायको दोन महिने डगले घालून बसत होती, त्याच गार बोळात त्याने लादीवर पोट टेकलं. लांबलचक श्वास सोडला. थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग जीभ लवलवली. तो स्वयंपाकघरात गेला, खुर्चीवरून टेबलावर चढला आणि कलेजीच्या भांड्यात तोंड घातलं. भांडं रिकामं झालं तरी तो चाटतच राहिला, आणि बोझेना तोंडावर हात धरून रडत राहिली.

वाल्देक मेणबत्ती घेऊन पिंजऱ्यापाशी परत गेला. दार उघडं, दिवे बंद, तरी आतली हवा भट्टीसारखी. त्याने काचेवरचा तापमापक सोडवला. काचेच्या पलीकडे खोलीचा उरलेला भाग, बोळासारखाच गार. काचेला चिकटलेला तापमापक दोन महिने बाहेरचीच थंडी सांगत होता. तो हातात घेऊन वाल्देक आत वाकला. पारा वर चढू लागला तो थांबेचना. वाल्देकने तो खिशात घातला. बोझेना दारात येऊन उभी होती.

"गारठला होता, नाही का?" ती म्हणाली.

 आपण महिनाभर त्याला भाजत होतो, आणि तो जीव वाचवायला जमिनीत शिरला होता, हे वाल्देकला पारा चढतानाच कळलं होतं. त्याने रेडिएटरचा नळ अर्ध्याहून खाली आणला. पाचातले तीन दिवे सोडवले. मग तो बायकोशेजारी टेबलाशी येऊन बसला आणि त्याने हेन्रिकच्या पाठीवर हात ठेवला. फादरना शेवटी काकूंच्या घरून गरम चहा आला.

खरं तर इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण स्टेफानियाकाकूंनी चर्चमध्ये ज्यांना ज्यांना शिमचाकांच्या म्हाताऱ्याची बातमी दिली होती, ते सगळे आता पुढचं विचारू लागले. काकू खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. तेव्हा त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. हेन्रिकने नव्या वर्षापासून अन्न सोडलं होतं. फादर आर्काडियुशनी अंधारात गुडघे टेकून त्याला तेल लावलं. तो उठला, आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेला आणि भांडंभर कलेजी खाल्ली. यातला शब्द न् शब्द खरा होता. शेपटीचा उल्लेख तेवढा राहून गेला, कारण त्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी तरुण फादरच्या मिस्साच्या प्रार्थनेला बसायला जागा उरली नाही. लोक गुडघेदुखीवाल्या आत्या आणि खोकणारे काका घेऊन आले होते. फादर आर्काडियुशचे कान एवढे लाल झाले होते की शेवटच्या बाकावरूनही दिसत होते. मिस्सा संपल्यावर चर्चचे थोरले फादर दारातच वाल्देकला भेटले. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकून फार आनंद झाला, वाल्देमार. आता कसे आहेत?"

"खातो," वाल्देक म्हणाला. "म्हणजे, खातात."

"फिरतात का थोडंफार?"

"घरातल्या घरात."

"मग थंडी सरली की एकदा घेऊन या त्यांना इकडे. सगळ्यांना बघायचंय."

थोरल्या फादरच्या मागे फादर आर्काडियुश उभे होते. त्यांनी वरिष्ठांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. समजावून सांगणं हा वाल्देकचा जन्माचा आजार. तोंड उघडलंच होतं त्याने. पण त्या तरुण माणसाकडे त्याचं लक्ष गेलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने काहीही समजावून सांगितलं नाही.

"आणतो, फादर," तो म्हणाला. "ऊन पडू दे जरा."

घरी जाताना नवराबायको ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. ट्राम उशिरा होती. बोझेनाने गळपट्टा नीट गुंडाळला, रस्त्याकडे बघत थोडा विचार केला आणि म्हणाली,

"त्याला पट्टा मात्र विकत घ्यावा लागेल."